आत घेतले

आमच्या संध्याकाळच्या रजिस्टरात सहा रकाने होते. तारीख, पिंजरा, प्राणी, संख्या, खाणं आणि शेवटचा 'आत घेतले'. त्या शेवटच्या रकान्यात खूण करून खाली सही केली की पाळी संपली. महापालिकेच्या प्राणिसंग्रहालयात मी ३२ वर्षं कीपर होतो, त्यातली निम्म्याहून जास्त वर्षं वाघ, सिंह, बिबटे आणि तरसांकडे. अशा हजारो खुणा माझ्या हातच्या आहेत. प्राणिसंग्रहालय असावं की नसावं यावर बोलणारी पुष्कळ माणसं मी ऐकली. दोन्ही बाजूंची ऐकली. पण 'आत घेतले' म्हणजे काय, हे त्यांच्यातल्या कुणी कधी विचारलं नाही. विचारणार तरी कसं? ते घडतं तेव्हा फाटक बंद व्हायची वेळ झालेली असते आणि तिकिटं काढून आलेले लोक घरी निघालेले असतात.

लोकांना दिसतो तो पुढचा मोकळा भाग. झाडं, पाण्याचं टाकं, बसायला लाकडी माचाण. त्याच्या मागे भिंतीआड एक अरुंद बोळ असतो आणि बोळात ओळीने खोल्या. गजांचं दार, खाली कोबा, कोपऱ्यात पाण्याची कुंडी, वर झरोका. खोली आणि मोकळी जागा यांच्या मधे वरखाली सरकणारं लोखंडी दार असतं. त्याची तार कप्पीवरून बोळात येते. संध्याकाळी मांस खोलीत टाकायचं, तार ओढून दार वर घ्यायचं, जनावर आत आलं की दार सोडायचं, खिट्टी, मग कुलूप. दार पडलं की खण्ण असा आवाज होतो. आमच्याकडे सव्वापाचला सुरुवात व्हायची आणि सहाच्या आत सगळी दारं पडलेली असायची. सकाळी साफसफाई उरकून साडेआठला पुन्हा बाहेर. म्हणजे दिवसाचे पंधरा तास आत, नऊ तास बाहेर. एखादा बिबट्या सोळा वर्षं बागेत जगला तर त्यातली दहा वर्षं त्याने त्या खोलीत काढली.

खोली केवढी असावी, याचा नियम आहे. १९९२ साली केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरण आलं, त्याच वर्षी नियमही आले. त्याआधी कुणीही चार माकडं आणि एक अस्वल कोंडून बाग काढत असे. त्या नियमांमुळे ते थांबलं, डॉक्टर आले, नोंदी आल्या, मापं आली. मी ते बदल डोळ्यांनी पाहिले आहेत, त्यामुळे त्याबद्दल माझ्या मनात आदरच आहे. त्या नियमांच्या परिशिष्टात बिबट्याच्या जोडीला बाहेर किमान ५०० चौरस मीटर जागा सांगितली होती. आणि आतल्या खोलीचं किमान माप होतं लांबी २ मीटर, रुंदी दीड मीटर, उंची २ मीटर. वाढलेली मादी नाकापासून शेपटीच्या टोकापर्यंत जवळपास दोन मीटर भरते. आमच्या खोल्या त्या मापापेक्षा जरा मोठ्या होत्या, आणि तपासणीला येणारे साहेब त्याचं कौतुक करायचे. पण बिबट्या हे रात्रीचं जनावर आहे. दिवस मावळला की त्याचं अंग जागं होतं, कान जागे होतात. नेमक्या त्याच वेळी आम्ही दार पाडायचो. ५०० चौरस मीटर त्याला मिळायचे ते झोपायला.

माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो, याच बागेत कीपर होते. ते नोकरीत असतानाच गेले आणि १९९० साली अनुकंपा तत्त्वावर मला त्यांच्या जागी घेतलं. अण्णांच्या काळातली बाग शहराच्या मध्यात, लहानशी. लहानपणी मी त्यांचा डबा घेऊन जायचो. गजांचा पिंजरा, सिमेंटची जमीन, वाघ दिवसरात्र तिथेच. पुण्याच्या पेशवे पार्कात ज्यांचं लहानपण गेलं त्यांनाही असे गज आठवत असतील. १९५३ ची ती बाग, तिथले प्राणी पुढे कात्रजच्या मोकळ्या जागेत गेले. पुण्याला तर हे त्याहून जुनं आहे. सवाई माधवरावांचा शिकारखाना पर्वतीच्या पायथ्याशी होता आणि गंगाराम तांबट नावाच्या चित्रकाराने १७९० च्या सुमारास तिथला गेंडा समोर पाहून काढला. जनावर जवळून बघावंसं वाटणं ही माणसाची फार जुनी ओढ आहे. ती वाईट आहे असं मला कधी वाटलं नाही. मला स्वतःला ती नसती तर मी ३२ वर्षं टिकलो नसतो.

अण्णा म्हणायचे, पिंजऱ्यापुढे येणाऱ्या दहा माणसांतली दोन तरी "बिचारा" म्हणून जातात. नंतर आमची नवी बाग झाली, तिथे हा शब्द मी फार कमी ऐकला. त्याचं कारण पुढे कळलं. हाम्बुर्गजवळ स्टेलिंगेन इथे कार्ल हागेनबेकने १९०७ साली गजांच्या जागी खंदक खणले आणि जनावरं जणू मोकळीच आहेत असा देखावा उभा केला. मग जगभरच्या बागा त्याच वाटेने गेल्या. आमची नवी बाग झाली तेव्हा आमच्याकडेही वाघ-सिंहांना खंदक आले, बिबट्याला झाडं घेरून वर जाळी टाकलेली मोठी जागा आली. जनावरांना फायदा झालाच. माती मिळाली, ऊन मिळालं, लोकांच्या नजरेआड बसायला झुडूप मिळालं. पण बघणाऱ्याच्या मनाची टोचणीही त्यासोबत गेली. गज कुठे नाहीसे झाले नव्हते, ते मागच्या बोळात गेले होते.

२०१२ च्या जानेवारीत सखू ही बिबट्याची मादी आली. ऊसतोडणीचा ऐन हंगाम होता. रानडुकरांसाठी कुणी तरी बांधावर तारेची फासकी लावली होती, तिच्यात हिचा डावा पुढचा पाय अडकला. तोडणीच्या टोळीतल्या बाईने पाहिलं आणि आरडाओरडा न करता मुकादमाला सांगितलं, म्हणून ती वाचली. वनविभागाच्या गाडीतून उतरवली तेव्हा पंजा काळा पडला होता आणि तार हाडापर्यंत रुतली होती. डॉक्टरांनी कोपराच्या खालचा पाय काढला. दातांवरून वय तीन वर्षांचं ठरवलं. शुद्धीवर आल्यावर ती तीन पायांवर उठली, पडली, पुन्हा उठली, आणि चौथ्या वेळेला तोल सावरून भिंतीला टेकून उभी राहिली. मी बोळात होतो. तिने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ती झरोक्याकडे बघत होती.

प्राणिसंग्रहालयं बंद करा असं म्हणणाऱ्यांना मी नेहमी सखूबद्दल सांगतो. ती कुठे जाणार होती? जुन्नर, संगमनेर, अकोले या पट्ट्यात बिबट्याच्या पिढ्या उसातच जन्मतात, उसातच वाढतात. तोडणीत सापडलेली पिल्लं क्रेटमध्ये घालून संध्याकाळी त्याच शेतात ठेवली तर मादी येऊन एकेक पिल्लू तोंडात धरून घेऊन जाते. हे आता वनविभागाला आणि गावांनाही माहीत झालं आहे. धडधाकट बिबट्याला दूर नेऊन सोडणं मात्र अंगाशी येतं. २००० नंतरच्या काही वर्षांत जुन्नर भागातले पुष्कळ बिबटे पकडून लांबच्या जंगलात सोडले गेले. विद्या अत्रेय यांनी त्याचा अभ्यास केला तेव्हा दिसलं की सोडलेल्या जागांच्या आसपास माणसांवरचे हल्ले उलट वाढले. आणि सोडलेलं जनावर तिथे राहतंच असं नाही. २००९ साली टाकळी ढोकेश्वरच्या विहिरीतून काढलेला, गळ्यात पट्टा बांधून माळशेज घाटात सोडलेला आजोबा हा बिबट्या साधारण १२० किलोमीटर चालत मुंबईच्या कडेला पोचला. वाटेत गावं, रेल्वे, हमरस्ता. कुणाला त्याने बोटही लावलं नाही. दोन वर्षांनी तो गाडीखाली गेला.

हे सगळं खरं. पण ज्या घरातलं लेकरू बिबट्याने उचललं त्या घराला ही गोष्ट सांगता येत नाही. त्यांनी "पकडा" म्हटलं तर मी त्यांच्यापुढे मान खाली घालून उभा राहीन. फक्त पकडा म्हणताना पुढचं वाक्यही कुणी तरी बोललं पाहिजे, की पकडलेला बिबट्या मरेपर्यंत कुठे तरी ठेवावा लागतो. माणिकडोहच्या निवारा केंद्रात, गोरेवाड्यात, बोरिवलीत, नाही तर आमच्यासारख्या बागेत. बिबट्या काही दोन-चार वर्षांत मरत नाही. पंधरा-पंधरा, वीस-वीस वर्षं त्याचं रोजचं संध्याकाळचं दार कुणा तरी कीपरला पाडावं लागतं.

आता जे सांगतो ते माझ्या हातून झालं आहे. २०१४ च्या जूनमध्ये पहिला मोठा पाऊस पडला त्या दिवशी. घरी पाहुणे यायचे होते आणि मला निघायची घाई होती. सखू दाराशी येऊन थांबली होती, अर्धी आत, अर्धी बाहेर. ती रोजच थांबायची. नाक वर करून हवा घ्यायची, मागे वळून एकदा बघायची आणि मगच पाऊल आत टाकायची. त्या दिवशी पावसाच्या वासाने ती जरा जास्तच रेंगाळली. मी गज वाजवला. ती आत आली, पाठ आत आली, आणि मी तार सोडली. शेपटी बाहेर होती.

ती ओरडली नाही. दार पडल्याचा रोजचा आवाज आला, त्याच्या आत एक बारीक वेगळा आवाज होता. तो मला आजही ऐकू येतो. ती गर्रकन वळली, शेपटी ओढली आणि कोपऱ्यात जाऊन चाटत बसली. डॉक्टरांना टोकाची चार इंच शेपटी काढावी लागली. बिबट्याच्या मादीची शेपटी टोकाकडे खालून पांढरी असते. चालताना ती टोक वर वळवते आणि उंच गवतातून पिल्लं त्या पांढऱ्या खुणेमागे चालत राहतात. सखूला पिल्लं व्हायची नव्हतीच. तरीही ते टोक माझ्या हातात आलं तेव्हा मी बोळात खाली बसलो. रजिस्टरात लिहिलं, 'माझ्या घाईमुळे'. मेमो मिळाला, आणि तो योग्यच होता.

त्यानंतर सखू आत येईना. एक संध्याकाळ गेली, दुसरी गेली. मांस आत ठेवलेलं दिसत होतं, वास येत होता, ती माचाणावरून उतरून दारापर्यंत यायची आणि परत फिरायची. तिसऱ्या दिवशी ती आली. घुटमळत, पोट खाली दाबून, कान मागे टाकून. एका दमात आत शिरली आणि मांसावर पडली. मी दार अगदी सावकाश खाली आणलं आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं की चोवीस वर्षं मी ज्याला सवय समजत होतो ती भूक होती. आठवड्याचा एक उपास, रोज संध्याकाळी एकदाच खाणं, तेही आतच, यातलं बरंचसं पोटाच्या आरोग्यासाठी आहे हे खरं. पण त्यामुळेच ती रोज वेळेवर दाराशी येतात. आम्ही म्हणायचो, "जनावरं शहाणी आहेत, हाक मारली की येतात." मी कितीदा लोकांना हे अभिमानाने सांगितलं होतं.

तेव्हापासून मी लोकांकडेही वेगळ्या नजरेने बघू लागलो. शाळेच्या सहली यायच्या अकरा-बारा वाजता. बिबटे माचाणावर पाय लोंबकळत झोपलेले. "उठव ना त्याला." "जिवंत आहे का?" "हा काहीच करत नाही." पोरांचा दोष नाही. त्यांना दाखवायला आणलं होतं ते झोपलेलं जनावर. बिबट्या म्हणजे काय हे त्यांना आम्ही शिकवत होतो, आणि बिबट्या ज्या वेळेला बिबट्या असतो ती वेळ आमच्या वेळापत्रकात नव्हती. एकदा एक सातवी-आठवीतली मुलगी सहलीच्या रांगेतून मागे राहिली आणि मला म्हणाली, "काका, हिला रात्री बाहेर सोडता का?" मी नाही म्हणालो. "मग ही जागी असताना कुठे असते?" मी मागच्या भिंतीकडे बोट दाखवलं. तिने भिंतीकडे पाहिलं आणि काही न बोलता पळत जाऊन रांगेत मिसळली.

आमच्याकडे नव्या आलेल्या डॉक्टर मॅडमनी मला एकदा एका अभ्यासाबद्दल समजावून सांगितलं होतं. रॉस क्लब आणि जॉर्जिया मेसन यांनी २००३ साली 'नेचर'मध्ये दाखवलं की शिकारी प्राणी रानात जितके लांबवर हिंडतात तितके ते कोंडल्यावर जास्त फेऱ्या घालतात आणि त्यांची पिल्लं जास्त मरतात. ध्रुवीय अस्वलाला बागेत मिळणारी जागा त्याच्या रानातल्या किमान टापूच्या दहा लाखांत एक हिश्शाएवढी असते. फेऱ्या आम्हाला ठाऊकच होत्या. "याला फेऱ्या लागल्यात" हा आमच्या बोळातला शब्दच आहे. दारापासून कुंडीपर्यंत, वळायचं, कुंडीपासून दारापर्यंत, वळायचं, वळताना मान त्याच जागी तशीच झटकायची. मॅडम म्हणाल्या, "यात जागेचं गणित आहे. वेळेचं गणित कुणी मांडलं तर अजून वाईट दिसेल."

यावर माझं मत झालं आहे आणि ते मी स्पष्ट सांगतो. ज्यांना परत जाता येत नाही त्यांना ठेवलं पाहिजे, आणि ज्यांची जात वाचवून परत रानात पाठवायची आहे त्यांना वाढवलं पाहिजे. अरबी ओरिक्स १९७२ साली रानातून संपला होता. अमेरिकेत फिनिक्सच्या बागेत जपलेल्या कळपामुळे तो १९८२ साली ओमानच्या वाळवंटात परत गेला. जनावरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफिनॅकने आपल्या देशातली गिधाडं मेली तेव्हा हरियाणातल्या पिंजोरला पिंजऱ्यांत गिधाडं वाढवली गेली आणि त्यांतली काही २०२४ साली आपल्या पेंच-ताडोबात आणली. अशा पिंजऱ्याचं दार कधी तरी बाहेरच्या बाजूला उघडायचं आहे, हे पहिल्या दिवशी ठरलेलं असतं. त्या कामाला मी हात जोडतो. पण गर्दीसाठी जनावर आणणं आणि गर्दीसाठी जनावर जन्माला घालणं थांबलं पाहिजे. १९५१ साली रीवाच्या जंगलात मोहन नावाचा पांढरा वाघ पकडला आणि पांढरा रंग टिकवायला त्याची जोडी त्याच्याच मुलीशी लावली. बागांमधल्या बहुतेक पांढऱ्या वाघांची वंशावळ तिथे जाते. तिरळे डोळे, वाकडे पाय घेऊन जन्मलेले बछडे हा त्या कौतुकाचा खर्च आहे. नवा प्राणी आला की पेपरात फोटो येतो, रविवारची रांग फाटकाबाहेर जाते. बागेत जन्मलेला बिबट्याचा बछडा लोकांना गोड वाटतो. मला त्याच्याकडे बघताना पुढची वीस वर्षं दिसतात, आणि रानाचा त्यात एक दिवसही दिसत नाही.

सखूचं रात्रीचं दार उघडं ठेवू द्या, हे मी २०१४ च्या पावसाळ्यातच तोंडी मागितलं होतं. मिळायला चार वर्षं लागली. नाही म्हणणारी माणसं दुष्ट नव्हती. रात्रपाळीला दोनच रखवालदार. बागेत चंदनचोर शिरतात, एखादा दारू प्यालेला कुंपण ओलांडतो. उद्या काही झालं तर सही कुणाची? जनावर आत असलं की त्याचं खाणं, शी, चाल जवळून दिसते, आजार लवकर कळतो. आणि नियमात रात्री आत घेण्याची शिस्त होती, ती मोडायची म्हणजे कागद वरपर्यंत जाणार. मॅडमनी ते कागद वरपर्यंत नेले. जाळी पुन्हा तपासली, सांधे वेल्डिंग करून घेतले, दोन कॅमेरे बसले. खाणं दोन भागांत करायचं ठरलं, निम्मं संध्याकाळी आत, निम्मं सकाळी आत, म्हणजे सफाईच्या वेळी ती आपणहून येईल. दार वरच्या खिट्टीला अडकवून ठेवायचं. आत जायचं, बाहेर यायचं, ते सखूने ठरवायचं.

२०१८ च्या नोव्हेंबरातली पहिली रात्र. मी घरी सांगून थांबलो होतो. बोळातला दिवा बंद करून रखवालदाराच्या खोलीत कॅमेऱ्यासमोर बसलो. संध्याकाळी ती आत आली, खाल्लं आणि दार पडायची वाट बघत दाराकडे तोंड करून बसली. दार पडेना. आठ वाजले, दहा वाजले. ती तशीच. मला वाटलं, आपण उशीर केला, आता तिला दाराची गरजच राहिली नाही. पाऊण वाजता ती उठली. उंबऱ्यावर थांबली, नेहमीसारखं नाक वर केलं, आणि तीन पायांनी आवाज न करता बाहेर गेली. कॅमेऱ्यात ती राखी दिसत होती. जमीन हुंगत ती सगळ्या कडेने फिरली, एकेक झाड, एकेक दगड. सहा वर्षं रोज पाहिलेली जागा ती नवीन असल्यासारखी तपासत होती. मग माचाणावर चढली, शहराकडे पाठ करून बसली आणि ओरडली.

बिबट्याचा तो आवाज ज्यांनी ऐकला आहे त्यांना माहीत आहे. लाकडावर करवत ओढावी तसा, आत-बाहेर, आत-बाहेर. सहा वर्षांत तिचा आवाज मी एकदाही ऐकला नव्हता. ती आवाजच करत नाही असं मी नव्या पोरांना सांगत असे.

त्या पाठोपाठ बागेच्या दुसऱ्या टोकाला चितळं ओरडली. एक, मग सगळीच, टोकदार, कापत जाणारी हाक. मोर ओरडले. माकडांच्या पिंजऱ्यात खळबळ उडाली. आमची चितळं पाच-सहा पिढ्या बागेतच जन्मलेली, त्यांच्यातल्या एकानेही मोकळा बिबट्या पाहिलेला नाही. मी टॉर्च घेऊन धावलो. कळप लांबच्या कुंपणाला चिकटून उभा होता, एकमेकांवर दाटलेला, सगळ्यांची तोंडं आवाजाच्या दिशेला, पुढचा पाय जमिनीवर आपटत. सकाळी पाहिलं तर एका पाडसाचं नाक जाळीवर घासून सोललं होतं. त्याला औषध लावताना मॅडम काही बोलल्या नाहीत, मीही नाही. सखूला रात्र दिली, ती यांच्याकडून घेतली होती. यांना पळायला जागा नव्हती. ते आमच्या एकाही बैठकीत कुणाला सुचलं नव्हतं. मला तरी सुचायला हवं होतं.

चितळांच्या कुंपणाला हिरवी जाळी बांधली, बिबट्यांकडच्या बाजूला बांबू लावला. आठवड्यात ती सरावली. सखू ओरडली की एखादी म्हातारी मादी मान वर करायची, बाकीची रवंथ करत बसलेली. सगळे म्हणाले, बरं झालं. मीही म्हणालो. पण रात्री घरी पडल्यावर मला ती बसलेली चितळं आठवायची. बिबट्याच्या आवाजाला न उठणारं चितळ. ते आमच्या बागेत तयार झालं होतं.

रजिस्टरात मात्र पंचाईत झाली. सखूच्या ओळीत 'आत घेतले' खाली काय लिहायचं? रिकामं ठेवलं तर हिशेबनीस परत पाठवायचा, खूण केली तर खोटं. दोन दिवस विचार करून मी तिथे 'दार उघडे' लिहायला लागलो. दोन वर्षांनी तिच्या शेजारच्या नराचंही दार उघडं ठेवून पाहिलं. तो बागेतच जन्मलेला. तो काही बाहेर गेला नाही. महिनाभर उघड्या दाराकडे पाठ करून कोपऱ्यात झोपायचा, आणि दार बंद केलं की शांत व्हायचा. शेवटी त्याचं दार पुन्हा पाडायला लागलो.

२०२२ साली मी निवृत्त झालो. घर बागेपासून लांब नाही. महिन्यातून एकदा तिकीट काढून जातो. सखू आता म्हातारी झाली आहे, माचाणावर चढत नाही, तिच्यासाठी खाली लाकडाचा ओंडका टाकला आहे. माझ्या जागी आलेला मुलगा चांगला आहे, घाई करत नाही. परवा गेलो होतो तेव्हा सव्वापाचला शिट्टी झाली, लोक फाटकाकडे निघाले, आणि मी चिंचेखालच्या बाकावर जरा बसून राहिलो. मागच्या बोळातून दारांचा आवाज येऊ लागला. आधी सिंह, दोन. मग वाघ, तीन. तरस. मग बिबट्यांची ओळ, एक, दोन. तिसऱ्याला मी थांबलो. तो आवाज आला नाही. त्यानंतर चौथं दार पडलं, पाचवं पडलं, आणि रखवालदार माझ्याजवळ येऊन म्हणाला, "मामा, चला, बंद करायचंय."